सदतीस की अडतीस?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की डीएनडी (जाहिरातीचे कॉल-मेसेज नको म्हणणाऱ्यांची यादी) ॲक्टिव्हेट करा, सगळे फालतू कॉल बंद होतात, लोक उगाच कुरकुर करतात. वाचलं आणि हसू आलं, मग थोडा रागही आला, म्हणून लिहितोय. ते गृहस्थ बहुतेक अनोळखी नंबर उचलतच नसणार. आमची तशी सोय नाही.

मी तासगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, चोवीस वर्षं झाली. सबमर्सिबलचं, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायच्या मोटारीचं काम कुणी बघितलं असेल तर माहिती असेल, स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, स्लॉटमधून प्लॅस्टिक कोटिंगची तार हाताने ओवून काढावी लागते, एक एक वेढा, आणि वेढे मनात मोजायचे. बोलायचं नाही, चहा आला तरी मान हलवायची फक्त. एका फेजला दोन वेढे कमी पडले की ती फेज करंट जास्त ओढते, मोटार तापते आणि महिनाभरात परत जळून दारात येते, आणि शेतकरी म्हणतो मिस्त्री काय काम केलं तुम्ही. तर असं मोजत असताना फोन वाजतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली असते, बागेला पाणी थांबवून चालत नाही, ज्याची मोटार जळाली तो स्वतःच्याच फोनवरून करेल असं नाही, त्याचा बॅलन्स संपलेला असतो किंवा तो विहिरीवर असतो आणि वस्तीवरच्या कुणातरी पोराच्या फोनवरून करतो. त्यामुळे नंबर अनोळखी असला तरी उचलायलाच लागतो. उचलला. "सर, आपके नाम पे पाँच लाख का प्री-अप्रूव्ड लोन..." ठेवला. आणि आता सदतीस झाले होते की अडतीस? आठवेना. सगळी तार परत काढली, परत पहिल्यापासून. तार अशी परत ओढली की कोटिंगला ओरखडे पडतात, ते वेगळंच.

आणि हो, माझा नंबर डीएनडीत आहे. आजचा नाही, २०११ पासूनचा आहे.

मी काय डीएनडीच्या विरोधात नाही, गैरसमज नको. मला तर ती भानगड सुरुवातीपासून माहिती आहे. पहिली यादी निघाली २००७ ला, नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री, तेव्हा नाव नोंदवल्यावर पंचेचाळीस दिवस थांबायला लागायचं. पंचेचाळीस दिवस! तेवढ्यात गहू कांडी धरायला लागतो. मग ट्रायने, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० ला नवीन नियम केले, ते लागू झाले २७ सप्टेंबर २०११ ला, यादीचं नाव बदललं, पंचेचाळीसचे सात दिवस झाले, टेलिमार्केटिंगवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर दिले. एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस असापण नियम त्याच वेळी आला होता, दिवाळी तोंडावर आणि पोरं बोंबलायला लागली, मग थोड्याच दिवसांत ते दोनशे केले. त्याच वेळी मी १९०९ ला, म्हणजे डीएनडीच्या नोंदणीच्या आणि तक्रारीच्या नंबरला, मेसेज टाकून सगळं बंद करून टाकलं. बँक-विमा, प्लॉट-फ्लॅट, शिक्षण, आरोग्य, गाड्या, टुरिझम, असे वेगवेगळे प्रकार निवडता येतात, हे नको ते चालेल. मी म्हटलं काहीच नको.

फरक पडला का? पडला की. खोटं कशाला बोलू. त्याच्या आधी दिवसाला कॉलर ट्यूनचेच पाच-सहा मेसेज यायचे, "आज का राशिफल" वगैरे, ते गेले. आताही माझ्या मेसेज बॉक्समध्ये ओळखीच्या कंपनीच्या जाहिराती जवळजवळ नाहीतच. २०१८ च्या नियमांनी मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतःचं नाव, म्हणजे तो हेडर, आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवायला लावला, ब्लॉकचेन का काय म्हणतात त्याच्यावर. नोंदवलेला मजकूर सोडून काही आलं की टेलिकॉम कंपनीने ते मधेच गाळायचं. ही चाळणी पहिल्यांदा कडक लावली ८ मार्च २०२१ ला. मला तो दिवस चांगला आठवतो कारण मी सांगलीत तांब्याच्या तारेचे पैसे द्यायला काउंटरवर उभा आणि ओटीपी येईना. दहा वेळा केलं. दुकानदार बघतोय माझ्याकडे की ह्याच्या खात्यात पैसे आहेत का नाही. माझं एकट्याचं नव्हतं ते, बऱ्याच बँकांनी त्यांचे मेसेज वेळेत नोंदवलेच नव्हते, त्यामुळे देशभर ओटीपी अडकले, शेवटी ट्रायला चाळणी आठवडाभर थांबवायला लागली. पण म्हणजे चाळणी खरंच चालते हे तरी कळलं. आता तर मेसेजच्या नावामागे एक अक्षर येतं, पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सर्व्हिस, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारी. हे चांगलं केलं. आमच्या मातोश्रींनापण समजावून सांगितलंय, पी दिसला की वाचायचं नाही.

मग दुखतं कुठं? दहा आकडी नंबरात.

एक मंगळवार मी मुद्दाम जॉब बुकच्या मागच्या पानावर लिहून काढला. चौदा अनोळखी कॉल आले. आठ कामाचे. सहा फालतू, त्यात दोन लोनचे, एक प्लॉटचा, एक शेअर मार्केटच्या टिप्सचा, एक पोराच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनचा (मला पोरगा नाही, मुलगी आहे आणि ती बी.एससी. ॲग्री करतेय) आणि एक उचलल्यावर कुणी बोललंच नाही. सहातला १४० चा किती तर फक्त एक. बाकी पाच साधे, तुमच्या-माझ्यासारखे दहा आकडी मोबाईल नंबर. आता हे पाच जण डीएनडीची यादी कधी बघणार? जो नोंदलेला टेलिमार्केटर आहे त्याची लिस्ट डीएनडीच्या यादीतून धुऊन निघते, माझा नंबर त्यात असला की गळतो. जो नोंदलाच नाही, ज्याने शंभर सिमकार्डं घेतली आणि डायल करत सुटला, त्याच्या आणि माझ्या मधे चाळणी आहेच कुठं? म्हणजे यादी ज्याने कायदा पाळायचं ठरवलंय त्याच्यापुरतीच. गावात चोऱ्या व्हायला लागल्या म्हणून पाहुण्यांची नोंदवही ठेवल्यासारखं झालं हे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी पुण्याला अशाच एका ऑफिसात सहा महिने होती. कंपनीचं नाव नाही घेत, तिचंही नाही. सुट्टीला आली होती तेव्हा दुकानात मोटार न्यायला आली, म्हटलं बाई तुम्ही लोक आम्हाला का छळता ओ, सांग तरी. ती हसली. म्हणाली काका, सकाळी गेलं की टेबलावर एक डबा असतो, त्यात सिमकार्डं. लिस्ट येते एक्सेलमध्ये, नाव, नंबर, गाव, कधी कधी गाडीचा नंबरपण. दिवसाला दोनशे कॉल झालेच पाहिजेत. एखाद्या सिमवर "स्पॅम" असं दाखवायला लागलं की ते काढायचं, डब्यातलं दुसरं घालायचं. म्हटलं आणि डीएनडी? ती म्हणाली ते काय असतं काका. खरंच विचारलं तिने, चेष्टा नाही. सहा महिन्यांत तो शब्द त्या ऑफिसात कुणी काढला नव्हता. आणि वर म्हणाली की लोक शिव्या घालतात ना, त्या ऐकून पहिल्या आठवड्यात रडायला यायचं. तेव्हापासून मी शिव्या देत नाही. नुसता ठेवतो. पोटासाठी बसलेत बिचारे, डबा भरून सिमकार्डं आणणारा कुणीतरी वेगळाच असतो, त्याचा फोन काय आपल्याला येत नाही.

आता तक्रारीचं बघा. दोन-तीन वर्षांपूर्वी एकदा ठरवलं, बस झालं, तक्रार करायचीच. तेव्हा नियम होता की कॉल आल्यापासून तीन दिवसांत १९०९ ला कळवायचं. सीझन चालू होता, मला वेळ मिळाला पाचव्या दिवशी. तक्रार गेली आणि उत्तर आलं, मुदत संपली. पुढच्या वेळी लगेच केली. त्याचं उत्तर आलं की तुम्ही या कंपनीला संमती दिलेली आहे. मी? कधी? डोकं खाजवलं, मग बायकोने आठवण करून दिली की आपण हप्त्यावर मिक्सर घेतला होता, तिथं त्या पोराने टॅबवर चार ठिकाणी बोट लावायला सांगितलं होतं. त्यातलं एक बोट म्हणजे "आमच्या आणि आमच्या भागीदारांच्या ऑफर्स पाठवायला हरकत नाही." म्हणजे २०११ ला मी कुलूप लावलं आणि मिक्सरपायी किल्ली देऊन टाकली. डीएनडीच्या वरचढ ही संमती ठरते, हे किती जणांना माहिती आहे? त्या पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना तरी माहिती आहे का?

हे सगळं सुधारलंच नाही असं म्हणणार नाही. १३ ऑगस्ट २०२४ ला ट्रायने टेलिकॉम कंपन्यांना आदेश दिला की जे नोंदणी नसताना प्रमोशनचे कॉल करतात त्यांच्या सगळ्या लाइनी तोडा आणि दोन वर्षांपर्यंत ब्लॅकलिस्ट करा. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत अशा बिननोंदणीवाल्यांविरुद्ध ७.९ लाखांवर तक्रारी गेल्या होत्या. आदेश निघाल्यावर तीन आठवड्यांत २.७५ लाख नंबर बंद केले आणि ५० संस्था ब्लॅकलिस्ट केल्या. तक्रारी ऑगस्टमध्ये १.८९ लाख होत्या त्या ऑक्टोबरात १.५१ लाखांवर आल्या. मला दुकानात तो फरक जाणवला, त्या छाटणीला खरंच जरा शांतता होती. पण बघा, हा फरक यादीने पडला का? यादी तर २००७ पासून आहेच. फरक पडला तो ज्याच्या लाइनीवरून कॉल सुटतात त्याची लाइन कापल्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे, यादी वाईट नाही, पण यादी म्हणजे इलाज असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. मोटार पहिल्यांदा जळाली तर वाइंडिंग बदलतात, तिसऱ्यांदा जळाली की मिस्त्री स्टार्टर बघायला लागतो.

फेब्रुवारी २०२५ ला अजून एक दुरुस्ती झाली आणि ती मला पटली. आता तक्रारीला सात दिवस. आणि बिननोंदणीवाल्याविरुद्ध तक्रार करायला तुमचा नंबर डीएनडीत असायचीसुद्धा गरज नाही. आधी दहा तक्रारी सात दिवसांत आल्या तर कारवाई व्हायची, आता दहा दिवसांत पाच पुरेत. कारवाई तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत करायची. पहिल्यांदा सापडला तर पंधरा दिवस आउटगोइंग बंद, परत सापडला तर वर्षभर सगळंच बंद. आणि टेलिकॉम कंपनीने स्पॅमचे आकडे लपवले तर तिलापण दंड, दोन लाख, मग पाच, मग दहा. मिक्सरच्या संमतीचापण बंदोबस्त थोडा केलाय, एकदा तुम्ही नको म्हटलं की नव्वद दिवस परत संमती मागायला यायचं नाही. कागदावर हे झक्कास आहे. पण दोन लाख म्हणजे असल्या कंपन्यांना आमच्या दुकानातल्या चहाच्या बिलाएवढे, हेही खरं.

आणि पाच तक्रारी म्हणजे पाच जणांनी तो त्रास घेतला पाहिजे की ओ. मी दुकानात विचारलं, मोटार घेऊन आलेल्या सहा-सात जणांना. १९०९ एकालाच माहिती, तोही म्हणाला बॅलन्स चेक करायचा नंबर ना? हे हसण्यावारी न्यायचं नाही. तक्रार हेच जर या नियमाचं इंजिन असेल तर त्याला डिझेल घालणारा माणूस तयार पाहिजे, आणि तो तयार होणार कधी, तर फोनवर कॉल संपल्यावर तिथंच एक बटन येईल, दाबलं की तक्रार गेली. ट्रायचं डीएनडी ॲप आहे, मी वापरतो, पण आमच्या गिऱ्हाइकांत निम्म्यांकडे अजून बटनाचा फोन आहे. त्यांनी मेसेजमध्ये नंबर, तारीख, काय म्हणाला ते टाइप करून १९०९ ला पाठवायचं. हातात पाना धरलेला माणूस करेल का हे?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याला विचारलं तुमच्याकडं काय. तिथं २००३ पासून अशीच यादी आहे, पंचवीस कोटींच्या वर नंबर त्यात. तिथलं ट्रेड कमिशन स्वतःच सांगतं की या यादीमुळे खऱ्या कंपन्यांचे विक्रीचे कॉल थांबतात, फसवणाऱ्यांचे नाही, कारण ते यादीकडं बघतच नाहीत. राजकीय कॉलनापण तिथं सूट. म्हटलं मग बरंय, दुखणं सगळीकडं सारखंच. पण ते निदान स्पष्ट सांगतात तरी. आपल्याकडं दुकानात सिम घ्यायला गेलं की पोरगं म्हणतं डीएनडी लावा काका, एकपण कॉल येणार नाही.

राजकीयवरून आठवलं. २०२४ च्या विधानसभेला रोज चार-पाच वेळा "माझ्या मतदार बंधू-भगिनींनो" ऐकलं, रेकॉर्ड केलेलं, सगळ्या बाजूंचं. ते कमर्शियल नाही म्हणे, म्हणून डीएनडीत बसत नाही. मोजणी मात्र त्यानेही चुकते. व्हॉट्सॲपचंही तेच, तिथं ट्रायच्या यादीला कुणी विचारत नाही, त्यामुळे एसएमएसमधून हाकललेले सगळे तिकडं जाऊन बसलेत.

फसवणुकीचा विषय वेगळा आहे, तो मिसळायला नको. पोलिसाचा ड्रेस घालून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" करणाऱ्याला डीएनडीचं काय पडलंय. संशय आला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळवायला चक्षू आहे, पैसे गेले तर ताबडतोब १९३० ही सायबर हेल्पलाइन. डीएनडी लावलंय म्हणजे आपण सेफ आहोत असं आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींना वाटायचं आणि त्या भरवशावरच ते फोनवर विश्वास ठेवून बोलत बसले. किती गेले ते सांगत नाहीत. यादीचा हा तोटा कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

आता मला काय पाहिजे ते सांगतो. बँकांना आता कामाचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायला सांगितलंय, जाहिरातीचे १४० वरून. हे पूर्ण झालं पाहिजे, सगळ्यांना, फक्त बँकांना नाही. मग मी डोळे झाकून १४० सोडीन, १६०० उचलीन, आणि दहा आकडी आला तर तो माणूसच असेल, शेतकरी असेल. त्या दहा आकडीवरून कुणी लोन विकायला लागला तर त्याची लाइन त्याच दिवशी तोडायची, आणि डबाभर सिमकार्डं एका माणसाला मिळतात कशी हे त्या सिम देणाऱ्याला विचारायचं.

दुसरं म्हणजे ही यादीच उलटी करा. माझ्या घराच्या दाराला कडी लावायला मी अर्ज का करायचा? ज्याला कॉल पाहिजेत त्याने नाव द्यावं, बाकी सगळे नकोच समजावेत. हे काय माझ्या डोक्यातलं नाही, २०१० ला ट्रायनेच हा उलट्या यादीचा विषय चर्चेला काढला होता. तेव्हा मागे पडला. का पडला ते समजायला फार डोकं लागत नाही, अशा यादीत नाव किती जण देतील? ज्याला लोन पाहिजे तो आपल्या पायाने बँकेत जातो, मीपण गेलो होतो, नवीन वाइंडिंग मशीन घ्यायला, आणि तेव्हा मला कुणी प्री-अप्रूव्ड म्हटलं नाही, तीन महिने फिरवलं.

पत्राखाली नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर द्यायची तुमची अट आहे म्हणून नंबर वेगळ्या कागदावर दिलाय. तो ऑफिसात ठेवा साहेब, पेपरात छापू नका. छापायचाच असेल तर छाटणी उरकल्यावर छापा.

आपला,
एक वाइंडर, तासगाव